सहा खोल्यांचा होमस्टे आणि त्याचा कोयर

गोव्यात होमस्टे चालवायला घेतला म्हटलं की लोक विचारतात बुकिंग कसं मिळतं, ॲपवाले कमिशन किती कापतात, पावसाळ्यात काय करता. कचऱ्याचं, इथल्या कोंकणीत कोयराचं, कोणीच विचारत नाही. आणि खरं सांगू का, सहा खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे थोडी बाग एवढ्या पसाऱ्यात सगळ्यात जास्त डोकं कशात जात असेल तर ते कचऱ्यात जातं. बुकिंग ॲप करतं, कचरा आपल्यालाच निस्तरावा लागतो.

आम्ही दोघं सावंतवाडीकडचे, म्हणजे गोव्याला तसे परके नाही, बांद्यावरून पत्रादेवी ओलांडली की आलंच. बार्देशात किनाऱ्यापासून थोडं आत एका आंटींचं जुनं चिऱ्याचं घर आहे ते आम्ही चालवायला घेतलं. खाली चार खोल्या, वर दोन, पुढे ऐसपैस बलकांव म्हणजे बसायची ओसरी, मागे माड, आंबे, एक फणस आणि विहीर. आंटी शेजारच्याच घरात राहतात, पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण नजर अशी की आमच्या गेटात कुठली गाडी कधी शिरली ते आमच्याआधी त्यांना कळतं. आम्ही सामान लावत होतो तेव्हाच त्यांनी कुंपणावरून सांगून टाकलं होतं, "बाय, कुडी तुका जाय तशो चलय, पूण कोयर रस्त्यार दिसपाक जायना." म्हणजे खोल्या तुला हव्या तशा चालव, पण कचरा रस्त्यावर दिसता कामा नये. करारात ही अट नव्हती पण करारातल्या सगळ्या अटींपेक्षा हीच जास्त कडक निघाली.

थोडा हिशोब सांगते म्हणजे अंदाज येईल. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. 2024 मध्ये गोव्यात आलेले पर्यटक एक कोटीच्या वर. आणि हे एक कोटी लोक काही सगळ्या गोव्यात सारखे पसरत नाहीत, त्यातले भरपूर कळंगुट, बागा, कांदोळी, हणजूण ह्याच पट्ट्यात येऊन बसतात आणि त्यातही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. घरचा माणूस सकाळी पोदेराकडून पाव घेतो, भाजी शिजवतो, माठातलं पाणी पितो. पाहुण्याकडे ना चूल ना माठ. त्यामुळे त्याचं पाणी बाटलीतलं, जेवण पार्सलमधलं, शॅम्पू पुडीतला, चहा कागदी कपातला. तो काही वाईट माणूस नसतो हो, फक्त त्याची प्रत्येक गोष्ट कशात तरी गुंडाळून येते.

आमच्या वाड्यावर ओला कचरा रोज नेतात आणि सुका आठवड्याच्या ठरलेल्या वारांना. तीन भाग करायचे, ओला, सुका आणि तिसऱ्यात पॅड, डायपर, औषधं, बल्ब, सेल असलं सगळं, आणि ते तिसरंही एकात एक न कोंबता वेगवेगळ्या पुड्यांत. 2016 च्या घनकचरा नियमांतही तीनच भाग होते. रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या मोठ्या हॉटेलांना त्यात वेगळी जबाबदारी दिली होती, आमची सहा खोल्यांची जागा त्याच्या जवळपासही पोचत नाही. सुक्याच्या गाडीवर एक अक्का असतात, गदगकडच्या, कानडी मिसळलेलं हिंदी बोलतात. गाडी थांबली की बाकीचे गोणी उचलून टाकतात पण अक्का आधी गोणीच्या तोंडाची सुतळी सोडतात, हात आत घालतात आणि बोटांनीच ठरवतात. शेजारच्या व्हिलाच्या केअरटेकरने एकदा चार काळ्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या, वर सगळं पुठ्ठा आणि बाटल्या, छान. अक्कांनी एका पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला तर बोटांना डाळ. "ये सूखा नहीं है. सूखा बोले तो सूखा." झालं, चारही पिशव्या तिथेच राहिल्या आणि गाडी पुढे गेली. केअरटेकर बिचारा ओडिशाचा मुलगा, त्याने काही ते भरलं नव्हतं, पण गेस्टांनी जे बांधून दिलं ते त्याने आणलं.

कचरा वेगळा करणं म्हणजे प्लॅस्टिक इकडे आणि कागद तिकडे असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते त्याचा नव्वद टक्के भाग म्हणजे पाणी. काय ओलं आणि काय कोरडं एवढंच. कोरडं सगळं एका गोणीत एकत्र असलं तरी पुढे माणसं बसून त्याचे बारा-पंधरा प्रकार करू शकतात, ते त्यांचं काम आहे आणि त्यांना ते आपल्यापेक्षा शंभर पटीने चांगलं येतं. पणजीत तर सुक्याचे सोळा प्रकार करतात. पण त्या गोणीत एक अर्धी खाल्लेली बिर्याणीची पार्सल पिशवी फुटली की संपलं. पुठ्ठा तेल पितो, कागदाला बुरशी धरते, पिशव्या एकमेकींना चिकटतात, गोव्याच्या उकाड्यात बंद गोणीत दोन दिवसात त्याचं काय होतं ते मी लिहीत नाही, आणि जे काल विकलं गेलं असतं ते आज कुठल्यातरी भट्टीत जाळायच्या लायकीचं होतं. आणि ते उघडणार कोण, तर अक्का. हाताने.

मग ते ओलं-कोरडं एकत्र येतं कुठे हे शोधायला लागलो तर उत्तर सोपं होतं, खोलीतल्या डस्टबिनमध्ये. आपण डबा ठेवतो, त्याला काळी पिशवी लावतो, आणि काळी पिशवी दिसली की माणूस त्यात काहीही टाकतो, कलिंगडाची साल, बाटली, ओला टिश्यू, बिल, सगळं. घरी अगदी नीट वेगवेगळं करणारी माणसंसुद्धा. आधी नवऱ्याने रंगीत स्टिकर छापून आणले, हिरवा निळा वगैरे, मराठी हिंदी इंग्लिश तिन्हीत. कोणी वाचत नाही. सुट्टीवर आलेला माणूस वायफायचा पासवर्ड सोडून भिंतीवरचं काहीही वाचत नाही.

ज्याने फरक पडला ते असं. खोलीतला डबा काढला आणि तिथे वेताची उघडी टोपली ठेवली, पिशवी न लावता. वेताच्या सुंदर टोपलीत कोणी उरलेली करी ओतत नाही, हात होत नाही माणसाचा. बाथरूममध्ये झाकणाचा छोटा डबा, बाजूला जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे, पॅड वगैरे गुंडाळायला. आणि खाण्याचं जे काही असेल त्यासाठी खोलीत जागाच नाही, ते मागच्या पडवीत आणायचं, तिथे ओल्याचा एक डबा आणि भाजीवाल्यांकडे असतात तसले जाळीचे कॅरेट एका ओळीत मांडलेले. एकात बियरच्या बाटल्या, एकात पाण्याच्या, एकात पुठ्ठा, एकात वेफर्सची पाकिटं वगैरे. जाळी असल्यामुळे आत काय आहे ते दिसतं आणि पुढचा माणूस बघून तेच टाकतो. एक शब्द लिहावा लागत नाही. रात्री दोन वाजता झिंगत आलेली पोरंसुद्धा बियरची बाटली बरोब्बर कॅरेटमध्ये उभी ठेवतात, त्यांना त्यात काय समाधान मिळतं देव जाणे. मला आधी ते कॅरेट बलकांवातच ठेवायचे होते, येताजाता दिसतील म्हणून, पण आंटींनी असा चेहरा केला की मी विषय काढला तो तिथेच सोडला. बलकांवात संध्याकाळी बसतात माणसं, कॅरेट नाही.

बाटल्यांचं जग वेगळंच आहे. गोव्यात बियर स्वस्त, त्यामुळे रिकामी बाटली हाच आमचा सगळ्यात मोठा माल. ब्रुअरीची नेहमीची तपकिरी बाटली अख्खी असली, तोंड तुटलेलं नसलं, की भंगारवाला आनंदाने घेतो कारण ती वितळवायची नसते, धुऊन परत भरायची असते. हे झालं खरं रिसायकलिंगपेक्षा भारी. पण वाइनची बाटली, जिनची ती निळी डिझायनर बाटली, बाहेरून आणलेल्या व्हिस्कीची चौकोनी बाटली, ह्यांच्याकडे तो ढुंकून बघत नाही. परत भरणारा कोणी नाही, त्यामुळे त्या फोडून काच म्हणूनच जायच्या, आणि काच वजनाला भारी आणि भावाला हलकी, ट्रकचं भाडंसुद्धा निघणं मुश्कील. काही बाटल्या मात्र गावातच खपतात. मार्च-एप्रिलमध्ये उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, सुरू झाली की मागच्या वाड्यावरचे एक काका रिकाम्या बाटल्या मागायला येतात, नीट बुचाच्या असतील तर. फुटलेली काच आम्ही जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात वेगळी देतो आणि वर मार्करने काच असं लिहितो, अक्कांच्या हातावर जे कापल्याचे व्रण आहेत ते बघितल्यावर कोणीही तेच करेल.

दुधाची पिशवी मात्र अक्कांनीच शिकवली. कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा, कारण तो नखाएवढा त्रिकोण कोणी वेचू शकत नाही आणि तो थेट गटारात नाहीतर समुद्रात. दूध ओतलं की त्यातच अर्धी वाटी पाणी घालून हलवायचं आणि ते पाणी चहात. मग पिशवी उलटी करून दोरीवर चिमटा लावून. आमच्या मागच्या अंगणात टॉवेलांच्या दोरीला समांतर एक दोरी फक्त पिशव्यांची आहे. दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक चांगलं असतं, एकाच जातीचं, स्वच्छ आणि सुकी असेल तर तिला भाव मिळतो. आंबट वास मारणारी असेल तर तीच पिशवी शून्य. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाचं तसं नाही, ते धुवा नाहीतर अत्तर लावा, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. गोव्यातला असला न विकला जाणारा सुका कचरा गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना जातो, तिथल्या भट्टीत चौदाशे अंशांच्या आसपास तापमान असतं, कोळशाबरोबर हेही जळतं. ह्याला रिसायकलिंग म्हणायचं का ह्यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही. मी म्हणते नाही. तो म्हणतो माळावर पडण्यापेक्षा बरं. तेही खरंच आहे.

ह्या सगळ्यात माझा सगळ्यात जास्त राग कशावर असेल तर तो "कंपोस्टेबल" लिहिलेल्या पांढऱ्या चमच्यांवर आणि कपांवर आहे. कॅफेवाले मोठ्या अभिमानाने देतात, गेस्टना वाटतं आपण पृथ्वी वाचवली, आणि ते सगळं मोठ्या विश्वासाने आमच्या ओल्याच्या डब्यात येऊन पडतं. मक्याच्या स्टार्चपासून केलेलं ते प्लॅस्टिक मोडायला बरेच दिवस टिकणारी साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते, ती मोठ्या प्रकल्पात मिळते, घरच्या ड्रममध्ये नाही. आमच्या खतातून चमचे जसेच्या तसे निघतात, अजून एकदा जेवता येईल इतके. प्लॅस्टिकमध्ये टाकावेत तर तिथेही ते चालत नाहीत, पाण्याच्या बाटल्यांच्या मालात मिसळले तर तो मालच बिघडतो. पोफळीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या रुंद बुडाच्या, प्लेटा आणि उसाच्या चिपाडाच्या वाट्या मात्र गुणी, फाडून टाकल्या की गुमान कुजतात.

एकदा एका गेस्टचा मुलगा, चौथी-पाचवीतला, पाण्याच्या बाटल्यांच्या कॅरेटपाशी बसून मला विचारत होता की झाकण वेगळं का दिसतं. मी त्याला कात्री आणि बादली दिली. बाटलीचा एक तुकडा, झाकणाचा एक तुकडा, दोन्ही पाण्यात टाकले. बाटली तळाला गेली, झाकण वर तरंगलं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडतात तेव्हा असंच होतं, बाटलीचं प्लॅस्टिक, म्हणजे पेट, बुडतं आणि झाकणाचं तरंगतं, त्यामुळे झाकण काढून वेगळं द्यायची काही गरज नसते. उलट सुटं झाकण हरवतं. बाटली पूर्ण रिकामी करायची, पिळून चपटी करायची आणि मग झाकण घट्ट लावायचं, म्हणजे परत फुगत नाही आणि जागाही कमी लागते. त्या पोराने नंतर घरातल्या सगळ्या बाटल्या चपट्या केल्या, त्याच्या आईच्या बॅगेतली भरलेली सुद्धा, पाणी ओतून.

पाण्याचं आम्ही शेवटी मुळातूनच बदललं. वीस लिटरचे जार आणि खोलीत काचेच्या बाटल्या, रोज सकाळी भरून. पहिल्या सीझनला गेस्ट शंका घ्यायचे, सीलबंद नाही का म्हणून. मग जार त्यांना दिसेल असा पडवीत ठेवला, स्वतः भरून घ्या म्हटलं, तेव्हा शंका संपली. बाटल्यांचा कॅरेट आता भरायला चौपट वेळ लागतो. बाहेरून आणतात तेवढ्याच.

साळगावचा कचरा प्रकल्प बघायला गेलो ते मेच्या शेवटी, सीझन संपल्यावर. कळंगुटच्या वर पठारावर आहे. त्या पठारावर पूर्वी उघडं डम्पिंग होतं, किनारपट्टीचा कचरा वर्षानुवर्षं तिथे पडायचा आणि पेटायचा, आंटी सांगतात की वारा तिकडून आला की खिडक्या लावून घ्यायचे. 2016 मध्ये प्रकल्प सुरू झाला, तेव्हा रोज 100 टनांची क्षमता होती, नंतर ती वाढवून 250 टन केली. दक्षिणेकडे काकोड्यालाही आता एक झालाय. आत गेल्यावर पहिली गोष्ट वासच, नाही म्हणण्यात अर्थ नाही, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. गाड्या मोठ्या हॉलमध्ये ओततात, मग पट्ट्यावरून कचरा वर चढतो, भोकांचा मोठा फिरता ड्रम असतो त्यातून बारीक आणि ओलं खाली गळतं, हलकं सुकं पुढे जातं, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं हातमोजे घालून एक एक जात उचलतात. एक जण फक्त बाटल्या, एक जण फक्त पुठ्ठा. मी त्या बाटल्यावाल्याचे हात बघत उभी राहिले. पट्टा थांबत नाही, तो बघतही नाही असं वाटतं, हात आपोआप जातो, उचलतो, बाजूच्या खिडकीतून टाकतो. ओलं पुढे बंद टाक्यांमध्ये कुजवतात, त्यातून गॅस निघतो, गॅसवर वीज आणि उरलेल्याचं खत.

तिथून येताना दोन गोष्टी डोक्यात बसल्या. एक, कापड आणि दोऱ्या. गेस्ट जाताना ओल्या चड्ड्या, फाटके टॉवेल, तुटक्या स्लिपर, बागाच्या बाजारात घेतलेले झगमगीत सारोंग असं बिनधास्त मागे टाकून जातात, आणि हे सगळं फिरत्या यंत्राच्या दांड्याला गुंडाळलं जातं. आम्ही आता कापड कचऱ्यात जाऊच देत नाही, जे धड असतं ते धुऊन देऊन टाकतो, बाकीचं कापून फडकी. दुसरी गोष्ट वाळू. ओल्या कचऱ्याबरोबर आलेली वाळू टाकीच्या तळाशी बसते, कुजत तर नाहीच, उलट जागा खाते. किनाऱ्याजवळच्या घरात झाडू मारला की घमेलंभर वाळू निघते आणि ती सवयीने ओल्यात जाते. म्हणून गेटाच्या आत पाय धुवायला नळ काढला, केराची वाळू माडाच्या मुळाशी. प्रकल्प बघितला नसता तर वाळूचा विचार मी जन्मात केला नसता.

शहाळी हा आणखी एक तापाचा विषय, इकडे आडसरां म्हणतात. पिणारा पाच मिनिटं पितो आणि मागे दीड-दोन किलोचं ओझं ठेवतो. अख्खं ठेवलं तर वर्षभर कुजत नाही, पावसाळ्यात त्यात पाणी साठतं आणि डासांची सोय होते. आम्ही लगेच कोयत्याने चार फाका करून चिऱ्यांवर उन्हात टाकतो, आठवडाभरात खणखणीत वाळतात आणि आंटींच्या न्हाणीघराच्या चुलीत जातात. गरम पाण्याचा गीझर त्यांच्याकडे आहे पण तो त्यांच्या मते पाहुण्यांसाठी. मासळीचा कचरा, म्हणजे कोळंबीची सालं, डोकी, कल्ले, हे त्यांच्याच पद्धतीने माडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरायचं आणि वर चिरा ठेवायचा. चिरा विसरलात तर पहाटे गावातली सगळी कुत्री अंगणात.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र हे सगळं शास्त्र थोडं गुंडाळून ठेवावं लागतं. गाडी अडकते, रस्ते माणसांनी भरलेले, रोज येणारा ओल्याचा टेम्पो कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी. अशा वेळी मागे खताचे ड्रम असल्याचा फायदा कळतो, निदान ओलं घरातच जिरतं. सुकं कोरडं असेल तर ते आठ दिवस पडवीत पडून राहिलं तरी कोणाला त्रास नाही. त्यामुळे त्या आठवड्यात मी बाकी कशावर नाही, फक्त ओल्यावर नजर ठेवते. रस्त्याच्या कडेला, पठारावर, पुलाच्या खाली पिशव्या दिसायला लागतात त्या ह्याच दिवसांत, आणि सगळ्या काही पर्यटकांच्या नसतात.

खताचं खरं गणित पावसाळ्याचं आहे. जून ते सप्टेंबर इथे तीनेक हजार मिलिमीटर पडतो, हवाच ओली, पुठ्ठा कपाटात ठेवला तरी मऊ पडतो. ड्रममध्ये भाजीची सालं आणि भात टाकत गेलात तर आठवड्यात आंबट वासाचा लगदा. त्याला सुकं लागतं, भरपूर सुकं, आणि जुलैत सुकं आणायचं कुठून? म्हणून पावसाळ्याची तयारी फेब्रुवारीतच. तेव्हा आंबा-फणसाचा पातेरा, म्हणजे वाळकी पानं, नुसता पडत असतो आणि गावभर लोक संध्याकाळी तो जाळत बसतात. आम्ही खराट्याने ओढून, पायाने चुरून, गोण्यांत दाबून भरतो आणि पत्र्याखाली रचून ठेवतो. आंब्याचं पान चिवट, अख्खं टाकलं तर कुजता कुजत नाही, चुरलेलं मात्र चालतं. ओल्याच्या एका थरावर पातेऱ्याचे दोन थर, हात घालून मुठीत दाबायचं, पाणी ठिबकलं तर अजून पातेरा. शेजारच्यांचा पातेरासुद्धा मी आता मागून आणते, पहिल्या वर्षी ते हसायचे, आता गोण्या भरूनच ठेवतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घराघरात माटोळी बांधतात, रानातली फळं, फुलं, कंदमुळं, सगळंच्या सगळं मातीत परत जाणारं. ती उतरवली की तेवढीच ड्रमला चैन. थर्माकोलच्या मखराचं मात्र कोणी काही करू शकत नाही.

मेपासून समुद्र डांबराचे गोळे आणून टाकायला लागतो, ते इथे नवीन नाही. गेस्ट अनवाणी फिरून येतात आणि पायाला, चादरीला, टॉवेलला काळं चिकट. साबणाने जात नाही, खोबरेल तेल लावून पुसायचं, म्हणून त्या दिवसांत नळापाशी तेलाची बाटली आणि फडकी ठेवलेली असतात. पुसलेली फडकी ना ओली ना सुकी, ती पत्र्याच्या डब्यात वेगळी साठवून तिसऱ्या भागात देतो.

2024 मध्ये गोवा सरकारने डिपॉझिट रिफंडची योजना अधिसूचित केली, बाटलीवर, पाकिटावर थोडे पैसे जास्त घ्यायचे आणि रिकामं परत आणलं की ते परत द्यायचे. कंपन्या आणि दुकानदारांची कुरकुर आहे. मला ती आवडते, कारण आमच्या पडवीतच दिसतं की ज्या बाटलीला भाव आहे ती कधी झाडीत सापडत नाही, आणि वेफर्सचं पाकीट विहिरीच्या काठावरसुद्धा सापडतं.

एकच गोष्ट अजून सुटत नाही, डायपर. लहान मूल घेऊन येणारी कुटुंबं आमच्याकडे जास्त, अंगण आहे म्हणून, आणि एक मूल दिवसाला पाच-सहा सहज. आत कागदाचा लगदा, पाणी शोषणारी पावडर, बाहेर प्लॅस्टिक, वर जे असतं ते, ह्याचं वेगळं असं काहीच करता येत नाही, भारी ओझं नुसतं. वर्तमानपत्रात गुंडाळायचं, लाल मार्करने फुली मारायची, वेगळ्या पिशवीत आणि गाडीवाल्यांच्या हातात द्यायचं, गोणीत दडवायचं नाही. बहुतेक आया ते निमूट करतात, बाप लोक खिडकीतून झाडीत भिरकावतात असा माझा अनुभव आहे, आणि मग आंटी कुंपणावरून हाक मारतात. पुढच्या सीझनला कापडी लंगोट ठेवून बघू या असं नवऱ्याचं म्हणणं आहे. धुणार कोण ते विचारलं तर म्हणाला, बघू.